टिन व्हिसल वही: जी-वरचा रोल बसला, पुढे कॅलेडोनियन सेट

मंडळी, टिन व्हिसलवर, म्हणजे सहा भोकांच्या छोट्या आयरिश बासरीवर, जी-वरचा रोल (एकाच सुराला बोटांनी दिलेला अलंकार) अखेर बसला! डी व्हिसलवर डीला सा धरला तर जी म्हणजे शुद्ध मध्यम, वरची तिन्ही भोकं बंद. सूर लावायचा, डाव्या हाताचं एक बोट निमिषभर उचलायचं, पुन्हा सूर, मग उजव्या तर्जनीची चौथ्या भोकावर टपली, पुन्हा सूर. फुंक अखंड, मध्ये जीभ लावायची नाही. आणि हे सगळं जिगच्या (सहा मात्रांची आयरिश नाचाची चाल) तीन मात्रांत. मेट्रोनोम अगदी संथ ठेवून बोटांची उचल कमी केली, तेव्हा जमलं. दादरा अंगात असलेल्यांनी एक सांभाळा: दादऱ्यात चौथी मात्रा खाली, जिगमध्ये मात्र तिच्यावरही वजन हवं, कारण नाचणाऱ्याचं पाऊल तिथे पडतं.

इथे डब्लिनमध्ये मी कोल्टसच्या (पारंपरिक आयरिश संगीताची संस्था) ज्या शाखेत शिकतो, तिथेच आता लहान मुलांच्या वर्गात मदतीला बसतो. कागद नाही, बाई एक तुकडा वाजवतात, मुलं तो कानाने उचलतात. बाई दिवसभराची नोकरी करून येतात, हॉलचं कुलूपही त्याच उघडतात. कोल्टस 1951 मध्ये मलिंगार गावात सुरू झाली ती अशाच हौशी वादकांच्या धडपडीतून. त्याच वर्षी तिथे तिचा पहिला फ्ला (संगीत महोत्सव) भरला; आज त्याला लाखोंची गर्दी असते. इलिन पाइप्स (भात्याने हवा भरायची आयरिश बॅगपाइप) वाजवणारे तर मोजकेच उरले होते. 1968 मध्ये पायपरांनी स्वतःची संघटना बांधली, आणि 2017 मध्ये युनेस्कोने या वादनाला वारशाच्या यादीत घेतलं. माझ्या मते यात सगळ्यात मोठा वाटा आठवड्याच्या वर्गांचा आहे.

सध्या मन रमलंय ते नाचाच्या रेकॉर्डिंगमध्ये. क्लेअरकडच्या (आयर्लंडच्या पश्चिमेचा परगणा) एक आजी कॅलेडोनियन सेट हा समूहनाच नाचतात. चार जोड्यांचा चौकोन, रीलची (चार मात्रांची जलद चाल) लय, आणि आजींचं पाऊल फळीपासून जेमतेम बोटभर उचललेलं. टाच-चवड्याचा तो बारीक ठेका उभ्याने पाहून कळत नाही. म्हणून त्यांना विचारून कॅमेरा गुडघ्याखाली लावला, माइक फळीलगत. प्रत्येक फितीसोबत तारीख, गाव, कुठली रील आणि आजी ती कुणाकडून शिकल्या, एवढं लिहून ठेवतोय.

पुढचं काम: सेटच्या उरलेल्या फिगर्स (नाचाचे भाग) टिपणं आणि ई-वरचा रोल. जीच्या रोलचा संथ ऑडिओ तयार आहे, हवा असेल त्यांनी सांगा.