वसतिगृहाच्या स्विचवर प्रायव्हेट व्हीलॅन बसवताना

आमच्या महाविद्यालयाच्या मुलांच्या वसतिगृहातून दर आठवड्याला एकच तक्रार येत असे: नेट जोडलेले दिसते, पण काहीच उघडत नाही. खोलीत जाऊन लॅपटॉप पाहिला की त्याचा आयपी पत्ता 192.168.0 ने सुरू होणारा निघे. आमचे पत्ते 10.20 ने सुरू होतात. कोणीतरी बाजारातून आणलेला घरगुती राउटर उलटा जोडलेला असे. भिंतीतून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये खोचली की तो चारही मजल्यांना पत्ते वाटू लागतो, आणि ज्या लॅपटॉपला त्याचे उत्तर पत्ते वाटणाऱ्या आमच्या डीएचसीपी सर्व्हरच्या आधी मिळेल तो अडकतो. 160 खोल्यांतून असा राउटर हुडकायचा म्हणजे मॅक पत्त्याचा (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाचा) माग काढत एकेक स्विच आणि एकेक पोर्ट तपासायचा, आणि तोवर रेक्टरांचे तीन फोन येऊन गेलेले असत.

केवळ या तक्रारीपुरते डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरे स्विचवरच अडवणारी सोय) चालू करून भागले असते. पण एका खोलीतील उघडे फोल्डर दुसऱ्या खोलीत दिसणे, एका लॅपटॉपमधील व्हायरस मजलाभर पसरणे, कोणी गंमत म्हणून गेटवेच्या (सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरच्या) नावाने खोटी एआरपी उत्तरे (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा हे सांगणारी) पाठवणे, हे सगळे त्याने थांबले नसते. प्रत्येक खोलीला स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आखलेले वेगळे आभासी नेटवर्क, देण्याचा विचार मी कागदावर मांडून पाहिला आणि सोडून दिला. तसे केल्यास 160 सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) आणि 160 गेटवे सांभाळावे लागले असते; शिवाय आमच्याकडील कॅटलिस्ट 3560 आणि 3750 हे स्विच स्पॅनिंग ट्रीच्या (केबलींचा फेरा होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, जिची दर व्हीलॅनला एक प्रत लागते) 128 प्रतीच चालवू शकतात. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये सबनेट एकच राहतो, गेटवेही एकच, आणि तरीही शेजारच्या दोन पोर्टना एकमेकांची फ्रेम (स्विचवरून जाणारा माहितीचा तुकडा) मिळत नाही. ही रचना 2010 साली आरएफसी या इंटरनेट तंत्रांच्या दस्तऐवज-मालिकेत 5517 क्रमांकाचा माहितीपर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली असली, तरी सिस्कोच्या स्विचमध्ये ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

आराखडा साधा होता. 100 क्रमांकाचा व्हीलॅन प्रायमरी ठेवला. त्याच्या पोटात दोन सेकंडरी घेतले: खोल्यांसाठी 201 हा आयसोलेटेड, आणि रेक्टरांच्या कार्यालयातील तीन संगणक व प्रिंटर यांना आपापसांत बोलता यावे म्हणून 202 हा कम्युनिटी. एका प्रायमरीखाली आयसोलेटेड व्हीलॅन एकच घेता येतो, पण तेवढा पुरतो, कारण त्यातील प्रत्येक पोर्ट इतर सर्वांपासून तुटलेलाच असतो. डीएचसीपी सर्व्हरला सर्वांशी बोलता यावे म्हणून त्याचा पोर्ट प्रॉमिस्क्युअस केला, आणि गेटवे तळमजल्यावरील 3750 वरच, प्रायमरी व्हीलॅनच्या इंटरफेसवर ठेवून त्याला 201 आणि 202 जोडून दिले.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाल्यावर मी कामाला बसले आणि पहिलीच आज्ञा स्विचने नाकारली. स्विच व्हीटीपीच्या (व्हीलॅनची माहिती स्विचांमध्ये आपोआप पसरवणाऱ्या पद्धतीच्या) सर्व्हर मोडमध्ये होता, आणि व्हीटीपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत प्रायव्हेट व्हीलॅन फक्त ट्रान्सपरंट मोडमध्येच करता येतो. मोड बदलला, पण त्याचा अर्थ असा की व्हीलॅनची माहिती आता एका स्विचवरून दुसऱ्यावर आपोआप जाणार नव्हती. ती प्रत्येक ठिकाणी हाताने भरावी लागली. लगेच कॉन्फिगरेशन जतनही केले, कारण जतन न करता वीज गेली तर स्विच पुन्हा सर्व्हर मोडमध्ये उठतो आणि केलेले सगळे काम गायब होते. आमच्या भागात वीज जाण्याला दिवाळीची सुट्टी नसते.

खरा वेळ गेला तो त्यानंतर. तिसऱ्या मजल्यावरील एका पोर्टला लॅपटॉप लावला, पत्ता मिळेना. सर्व्हरची नोंदवही उघडली तर तिथे लॅपटॉपची विचारणा आलेली दिसत होती, सर्व्हरने देऊ केलेला पत्ताही दिसत होता, आणि काही सेकंदांनी पुन्हा तीच विचारणा, पुन्हा तेच उत्तर. लॅपटॉपकडून स्वीकृती एकदाही नाही. विचारणा पोहोचते म्हणजे केबल, ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी दोन स्विचमधली जोडणी) आणि पोर्ट शाबूत आहेत असे धरून मी दोन तास सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये घालवले, जिथे काहीही बिघडलेले नव्हते. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असते, हे मी वाचले होते, पण अंगवळणी पडलेले नव्हते. खोलीतून निघालेली फ्रेम 201 मधून वर जाते. सर्व्हर किंवा गेटवे यांच्याकडून परतणारी फ्रेम मात्र 100 मधून खाली येते. तिसऱ्या मजल्याच्या ट्रंकवर परवानगीच्या यादीत मी 201 आणि 202 लिहिले होते, 100 लिहायचा राहिला होता. तो लिहिताच लॅपटॉपला पत्ता मिळाला.

दुसरा मजला हे वेगळेच प्रकरण होते. तिथला मूळ स्विच वळवाच्या पावसात वीज पडून जळाला होता आणि त्याच्या जागी सर्वांत कमी दराच्या निविदेतून कॅटलिस्ट 2960 आला होता. या मॉडेलमध्ये प्रायव्हेट व्हीलॅन नाही, फक्त प्रोटेक्टेड पोर्ट आहे. म्हणजे त्याच स्विचवरील दोन प्रोटेक्टेड पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, पण स्विचबाहेर त्या बंधनाला अर्थ उरत नाही. नवा स्विच मागण्याचे पत्र लिहून ठेवले, आणि तोवर निभावण्यासाठी एक युक्ती केली: 2960 चे खोल्यांचे सर्व पोर्ट प्रोटेक्टेड केले, वर जाणारा पोर्ट तसाच ठेवला, आणि ती केबल 3750 च्या ट्रंकला न लावता एका आयसोलेटेड पोर्टला लावली. आता मजल्यावरच्या मजल्यावर प्रोटेक्टेड पोर्ट अडवतात आणि इतर मजल्यांपासून तो आयसोलेटेड पोर्ट अडवतो. केबल लावल्यावर तो पोर्ट क्षणात बंद पडला. खोल्यांच्या पोर्टवर मी बीपीडीयू गार्ड (समोर दुसरा स्विच असल्याचे कळताच पोर्ट बंद करणारी सोय) लावला होता, तोच सवयीने इथेही लावला गेला होता, आणि समोर खरोखरच स्विच असल्यामुळे त्याने आपले काम चोख केले. त्या एका पोर्टवरून गार्ड काढला. 2960 चे व्यवस्थापन विद्यार्थ्यांच्या सबनेटमध्ये यायला नको म्हणून त्यासाठी दुसरी केबल ओढली. हे देखणे नाही, पण चालते. नवा स्विच अजून आलेला नाही.

सगळे जोडून झाल्यावर दोन खोल्यांत दोन लॅपटॉप ठेवून पिंग करून पाहिले. उत्तर आले नाही. एका खोलीत घरगुती राउटर मुद्दाम उलटा लावला. बाहेर कोणालाही त्याची चाहूल लागली नाही, कारण लॅपटॉपची विचारणा आता त्या राउटरपर्यंत जातच नव्हती. इथे थांबले असते तर एक भोक तसेच राहिले असते. प्रायव्हेट व्हीलॅन दुसऱ्या, म्हणजे मॅक पत्त्यांच्या, स्तरावर अडवतो. गेटवे मात्र तिसऱ्या, म्हणजे आयपी पत्त्यांच्या, स्तरावर काम करतो, आणि त्याच्या हाती दिलेले पॅकेट तो शेजारच्या खोलीचे असले तरी निमूट पोहोचवतो. पहिल्या लॅपटॉपवर मी शेजाऱ्याच्या पत्त्याचा मार्ग गेटवेमार्फत नोंदवला. पिंगला उत्तर आले नाही, पण दुसऱ्या लॅपटॉपवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) चालू होता आणि त्यात पॅकेट येताना स्पष्ट दिसत होती. उत्तर येत नव्हते ते एवढ्यासाठीच की दुसरा लॅपटॉप पहिल्याला थेट एआरपीने शोधत होता. दोन मित्रांनी संगनमत करून दोन्हीकडे मार्ग नोंदवले तर सगळेच सुरू झाले असते. म्हणून व्हीलॅन 100 च्या इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेने ॲक्सेस लिस्ट लावली: आधी गेटवेच्या स्वतःच्या पत्त्याला परवानगी, मग 10.20.0.0 या 22 बिटांच्या सबनेटमधून त्याच सबनेटकडे जाणाऱ्या सगळ्याला मनाई, आणि शेवटी उरलेल्या सर्वांना मोकळीक. हा क्रम चुकला तर मुलांना गेटवेला पिंगही करता येत नाही.

मजल्यांवरचे वायफाय ॲक्सेस पॉइंटही आयसोलेटेड पोर्टवरच आहेत. पण एका ॲक्सेस पॉइंटला जोडलेले फोन एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम स्विचचे नाही, त्यासाठीची सोय ॲक्सेस पॉइंटमध्येच चालू करावी लागते. सुट्टीवरून परतलेल्या मुलांनी खोल्याखोल्यांत खेळायचे गेम बंद झाल्याची तक्रार केली. ती मी लिहून घेतली आणि बाजूला ठेवली.

जानेवारीत नवी तक्रार आली. काही लॅपटॉपना योग्य पत्ता मिळत होता, डीएचसीपी सर्व्हरला पिंग जात होते, पण इंटरनेट नव्हते. या वेळी मी सर्व्हरकडे न जाता थेट 3750 ची नोंदवही उघडली, आणि तिथे स्टिकी एआरपीची नोंद बदलण्याचा प्रयत्न झाल्याच्या ओळीच ओळी होत्या. या स्विचवर प्रायव्हेट व्हीलॅनच्या इंटरफेसने शिकलेल्या एआरपी नोंदी स्टिकी असतात. त्या कालांतराने पुसल्या जात नाहीत आणि नव्या मॅक पत्त्याला जागाही देत नाहीत. 22 बिटांच्या सबनेटमध्ये 1,022 पत्ते वापरता येतात, आणि मॅक पत्ता बदलत राहणाऱ्या फोनमुळे दोन महिन्यांत ते जवळजवळ सगळे एकदा वाटून झाले होते. सर्व्हर जुने पत्ते नव्या लॅपटॉपना देऊ लागला, गेटवे मात्र परतीचे पॅकेट जुन्याच मॅक पत्त्यावर पाठवत राहिला. स्टिकी एआरपी खोट्या एआरपी उत्तरांपासून संरक्षण देते, त्यामुळे ती नुसती बंद करणे मला पटले नाही. आधी डीएचसीपी स्नूपिंग प्रायमरी व्हीलॅनवर चालू केले, जे सेकंडरींना आपोआप लागू होते. त्यावर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (एआरपी उत्तरे स्नूपिंगच्या नोंदींशी पडताळणारी सोय) बसवले, आणि मगच स्टिकी एआरपी बंद करून साचलेल्या नोंदी पुसल्या. त्याच संध्याकाळी अडकलेले लॅपटॉप चालू लागले.