हरूनही चॅम्पियन, हे काही पटत नाही

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४ च्या सीझनवर मित्रांशी अजून वाद चालतो, मी मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमवाला आणि समोरचे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीवाले. ३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये, त्यांच्याच घरात, आपण त्यांना १३-१० हरवलं, तेही रँकिंगमध्ये नसताना आणि ते दोन नंबरवर असताना! तरी जानेवारीत फायनलमध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीला ३४-२३ हरवून नॅशनल चॅम्पियन कोण, तर तेच. कारण त्या वर्षीपासून प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतर चॅम्पियन ठरवणाऱ्या नॉकआउट मॅचेसमध्ये, चारच्या जागी बारा टीम, जुन्या पद्धतीत दोन मॅच हरलेल्यांना कोणी दारातही उभं केलं नसतं.

मला हे खरंच खटकतं. या खेळात नियमित सीझनचा प्रत्येक शनिवार, म्हणजे मॅचचा दिवस, करो या मरो असायचा, तीच तर मजा होती ना. बदल मात्र पहिल्यापासून होत आलेत, १८६९ ला रटगर्स कॉलेजने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं तेव्हा बॉल हातात घेऊन पळायचंच नव्हतं, आणि १९०५ ला मैदानात पोरं मेली म्हणून पुढच्या वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल हाताने पुढे फेकायची मुभा, आली. तो बदल जीव वाचवायला होता, हा टीव्हीच्या पैशासाठी आहे असं माझं स्पष्ट मत. मिशिगन-ओहायो १८९७ पासून खेळतायत, मला तरी ती एक मॅच ट्रॉफीपेक्षा मोठी.