स्ट्रीमर अपडेट: ट्वीटरमधली किणकिण पकडली

पकडली एकदाची! मी जुळवत असलेल्या स्ट्रीमरच्या (नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा) मागच्या अपडेटमध्ये ट्वीटरमधली (स्पीकरचा उंच स्वरांचा भाग) जी बारीक किणकिण लिहिली होती, ती डॅकची (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारी चिप) नव्हे, ॲम्पचीही नव्हे, ओएलईडी स्क्रीनची निघाली. गाण्याचं नाव लांब असलं की ते स्क्रीनवर सरकायला लागतं, आणि किणकिण अगदी त्याच लयीत बदलते. तिथेच संशय आला.

मग गाणं पॉज करून कान ट्वीटरला लावला. स्क्रीन पूर्ण काळी केली की शांत, पूर्ण पांढरी केली की किणकिण सणसणीत. एसएसडी1322 या कंट्रोलर चिपवर चालणाऱ्या या ओएलईडी पॅनलला दहाहून जास्त व्होल्ट लागतात. ते स्क्रीनच्या मॉड्यूलवरचा, व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर बनवतो. जितके पिक्सेल पेटतील तितका करंट तो खेचतो, आणि तोही रास्पबेरी पायच्या (स्ट्रीमर चालवणारा छोटा कॉम्प्युटर) त्याच 5 व्होल्टच्या लाइनवरून, ज्यावर आपला डॅक, पीसीएम5122, बसलाय.

स्क्रीनला पॉवर बँक दिली. किणकिण बरीच उतरली, पण गेली नाही, कारण पायकडून स्क्रीनला डेटा नेणाऱ्या एसपीआय केबलमधली ग्राउंडची तार दोघांना जोडूनच होती. तारांवर फेराइट (गोंगाट अडवणारे चुंबकीय मणी) घातले, कानाला काडीचाही फरक नाही.

शेवटी आयएसओ7740 आयसोलेटर, म्हणजे थेट विजेची जोडणी न ठेवता सिग्नल पलीकडे नेणारी चिप. चार चॅनल, चारही एकाच दिशेने: स्क्रीनला लागणाऱ्या क्लॉक, डेटा, सीएस (चिप निवड) आणि डीसी (डेटा की कमांड) या लाइन. पाचवी रीसेटची लाइन मॉड्यूलवरच रेझिस्टर-कपॅसिटर लावून मिटवली. स्क्रीनसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि 3.3 व्होल्टचा रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मर पुण्याच्या तपकीर गल्लीतूनच घ्या. ऑनलाइन मागवलेला नुसता प्लग लावला तरी गुणगुणत होता, हा तासन्‌तास चालून गार आहे. आता पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवरही फक्त ॲम्पची स्वतःची मंद हिस ऐकू येते. काय सुख आहे!

‘हाय-एंडमध्ये स्क्रीन हवीच कशाला’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला आता नीट कळतो. नेम कंपनीच्या एनडीएक्स 2 या स्ट्रीमरला 5 इंची रंगीत स्क्रीन आहे, एनडी5 एक्सएस 2ला नाही. डेनॉन आणि मरांट्झ ‘प्युअर डायरेक्ट’मध्ये डिस्प्ले बंद करतात, ते उगाच नाही. तरीही माझं मत पक्कं आहे: स्क्रीन हवी, पण तिचा सप्लाय वेगळा हवा आणि बटण दाबल्यावर तिची वीजच तुटली पाहिजे. नुसतं मंद करून भागत नाही. ख्याल ऐकताना राग, ताल, तबल्यावर कोण, हे उठून फोन न शोधता समोर दिसायला हवं. आणि आता ते शुद्ध देवनागरीत दिसतंय! पिलोचं (पायथनमध्ये चित्र बनवणारी लायब्ररी) साधं लेआउट ‘विलंबित’मधली वेलांटी भलतीकडे टाकायचं, अक्षरं नीट जुळवणारी लिबराक्म चालू केल्यावर जोडाक्षरंही जागेवर आली.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: सप्लाय वेगळा, ग्राउंड वेगळं, मग स्क्रीन त्याच डब्यात कशाला? ईएसपी32 (वाय-फाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) लावून ती वेगळ्या छोट्या डब्यात, खुर्चीजवळ ठेवता येईल. अडचण देवनागरीची, कारण जोडाक्षरं जुळवण्याचं काम ईएसपी32वर फार किचकट. पण चित्र पायवरच बनवून वाय-फायने पाठवलं तर? 256 बाय 64, पिक्सेलला 4 बिट, म्हणजे फ्रेम फक्त 8192 बाइटची. नाव सरकवायचंच नाही, दोन ओळींत बसवायचं. मग गाणं बदललं की एकच फ्रेम.

फ्रंट प्लेट कापायला द्यायचं तूर्त थांबवलंय. ईएसपी32वर हे पॅनल कोणी चालवलं असेल तर एसपीआयचा क्लॉक किती ठेवलात आणि केबल केवढी, तेवढं सांगा.