डस्टर ऑल-व्हील: लॉकमधली गुरगुर सापडली

सापडली एकदाची! माझ्या डस्टरमध्ये चारी चाकांना ताकद मिळते. लॉक लावलं की मागची चाकं पुढच्यांशी जखडतात, ऑटोवर ती गरजेपुरतीच जोडली जातात. तीन आठवडे झोप उडवणारी गुरगुर ना कपलिंगची (मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग) निघाली, ना मागे जाणाऱ्या शाफ्टच्या सेंटर बेअरिंगची. संशयावरून ते बेअरिंग बदललं होतं, ते उगाच.

लक्षण तेच. गगनबावड्याच्या वाटेवर पावसात लॉक लावून अर्धा तास गेलं की मागून गुरगुर, वळणावर गाडी आखडणार, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागून मागच्या चाकांची ताकद सुटणार. ऑटोवर टाकलं की सगळं गप. कपलिंग उतरवायचं नक्की झालं होतं, भंगारवाल्याकडे जुन्या कपलिंगची चौकशीही केली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी वर घ्यायच्या आधीच विचारलं, "टायर मोजलायसा का?"

मोजले. पुढे नक्षीची खोली 8 मिमी, मागे 3. जूनमध्ये टायरवाला म्हणाला होता, पुढचे दोनच घाला, मागचे अजून वर्षभर जातील. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या फरकाने यंत्रणेवर ताण आला नसता. इथे 5 मिमीचा फरक परिघात हिशेबाने 31 मिमी होतो. खडूची खूण करून गाडी फरशीवर ढकलली, तर दहा फेऱ्यांत पुढच्या आणि मागच्या चाकात 28 सेंमीचं अंतर पडलं. म्हणजे किलोमीटरला साधारण 13 मीटर! लॉकमध्ये कपलिंग दोन्ही धुऱ्यांना एकाच वेगाने फिरवू बघतं. चिखलात टायर घसरून तो ताण सोडतात. डांबर ओलं असलं तरी टायर धरून ठेवतं, मग घसरतात त्या कपलिंगच्या प्लेटा. त्या तापल्या की यंत्रणा मागची चाकं सोडून देते. डांबरावर लॉक लावायचंच नव्हतं, ही चूक माझी.

मग मित्राच्या डस्टरचे सारखे झिजलेले चारी टायर रविवारपुरते घातले. उसाच्या फडाकडची वाट, ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या, लॉक, पहिला गिअर. गाडी न थांबता वर! ना आवाज, ना दिवा. नाद खुळा!

ऑल-व्हील घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. ओल्या चढावर गाडी सुटताना, शेताच्या वाटेवर फायदा शंभर टक्के. थांबताना काहीच नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतात. करूळ घाट उतरताना टायरच वाचवतात. वर जादा वजन, जादा डिझेल, मागच्या डिफचं (डिफरेन्शियल, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) ऑइल, आणि आता कळलेला हा टायरांचा खर्च. शहरातच फिरणार असाल तर ते पैसे चांगल्या टायरांत घाला.

स्नॉर्केल (खोल पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारी नळी) लावायचा बेत रद्द, ते पैसे कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या चार ऑल-टेरेन टायरांना. थांबा, स्टेपनी? पंक्चर झालं की कोरी स्टेपनी लागणार आणि पुन्हा तोच फरक. मग पाचच घेतो, पाचही आळीपाळीने फिरवतो. आणि ऑल-टेरेन तरी कशाला? माझं बहुतेक फिरणं डांबरावरच. साधे हायवे टायर बघतो. नक्षी मोजायचा गेज मात्र आजच घ्या, स्वस्तातला चालतो. शनिवारी शाहूपुरीत भाव काढून कळवतो.