आमची वाटचाल : वडगावच्या मागाचा ठेका

बेळगावच्या वडगावात वडिलांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. चार कर्णे, एक अॅम्प्लिफायर, एक हातगाडी. गणपती असो की १७ जानेवारीचा सीमालढ्याचा हुतात्मा दिन, कर्णे आमचेच. पुढे मागच्या खोलीत भिंतींना आईच्या गोधड्या ठोकून मी रेकॉर्डिंग सुरू केलं. भजनी मंडळं, रिक्षातून फिरवायच्या जाहिराती, असं करत सहा वर्षं गेली.

मग २०१७ साली पावसाळ्यात एक पोरगा आला. घरचे चार पॉवरलूम. घरी कन्नड, गल्लीत मराठी, रॅप दोन्हीत. गाण्याखालचा ठेका, म्हणजे बीट, विकत घेऊया म्हटलं तर म्हणाला, "मामा, विकत कशाला? मागच आहे की."

माइक घेऊन त्याच्या घरी गेलो. धोटा, म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारी सुताची नळी, त्याच्यापासून दोन हातांवर स्टँड लावला. जवळ नेला की आवाज फाटायचा. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, आणि व्होल्टेज उतरलं की ठेका किंचित रेंगाळायचा. कॉम्प्युटरवर तो सरळ करता आला असता. मी केला नाही. सूत महागलं की विणकराची छाती अशीच रेंगाळते.

ही कसली बडबड, असं भजनी मंडळातले विचारायचे. मी सांगायचो, अण्णाभाऊ साठे, अमरशेख, गव्हाणकर डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी उभे राहिले तेव्हा ते काय करत होते? हिपहॉपही १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गरीब वस्तीतल्या पोरांनीच उभं केलं. दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, आणि मोठे स्पीकर, म्हणजे आमचाच धंदा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा माझ्याकडे रॅप करणाऱ्या पोरांनी चौकात गाऊन पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा केलं. साउंड आमचा, भाडं नाही. मग मराठीतून सरकारी कागद मिळावेत म्हणून एक गाणं झालं. आणि बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याविरुद्धचं गाणं, मागाच्या त्याच ठेक्यावर. शहापूर-वडगाव शिवारातली बासमतीची जमीन जाणार होती. शेतकरी बांधावर बसून ते मोबाइलवर लावायचे.

पुढच्याच वर्षी शहरात एसीचा स्टुडिओ निघाला. रेकॉर्डिंग फुकट, व्हिडिओ फुकट, फक्त एक सही. माझ्याकडची सातही पोरं गेली. नव्या माइकचे हप्ते थकले, बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या. पोरांवर माझा राग नाही. पण त्या कागदात 'आधीची व पुढील सर्व गाणी' असं लिहिलेलं होतं, आणि ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. बायपासचं गाणं स्टुडिओवाल्यांनी कॉपीराइटचा दावा लावून पोराच्या स्वतःच्या चॅनेलवरून उतरवलं. तेवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. तोच ठेका त्यांनी प्लॉट विकायच्या जाहिरातीखाली घातला. जमीन वाचवायला केलेला ठेका, जमीन विकायला! त्या रात्री मी जेवलो नाही.

वकिलाने एकच विचारलं, "रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला?" मी. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता, आणि हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. माझी सही कुठेच नव्हती. मूळ ट्रॅक तारखेसकट हार्ड डिस्कवर होते. चार महिने लागले, पण जाहिरात उतरली आणि गाणं परत चढलं. समोरच्याने आजतागायत साधी माफी मागितलेली नाही.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, मिक्स झालं की मूळ ट्रॅक पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. करारात मुदत बघा. ती लिहिलेली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि 'कायमचे' हा शब्द दिसला तर पेन खाली ठेवा. गोधडी मात्र जुनी वापरा. नवी रजई आवाज मारून टाकते.

निकाल लागला त्याच आठवड्यात मी स्टॅम्पपेपरवर ते रेकॉर्डिंग पोराच्या नावावर करून दिलं. आता तो परत आमच्याकडेच येतो. नको म्हटलं तरी तासाचे तीनशे आधी टेबलावर ठेवतो, मग हेडफोन लावतो.