आचके, मुंग्या आणि विहिरीतला दम

परभणी, मे महिना

पाण्याखाली श्वास रोखून काही वेळ राहिले की बरगड्यांच्या कमानीखाली उचकीसारखे आचके येऊ लागतात. आज विहिरीत बुडी मारताना त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष दिले. आमच्या गावात त्यांना प्राणवायू संपल्याची खूण मानतात. वास्तविक त्या वेळी निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू बराच शिल्लक असतो आणि वाढलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वासाची ओढ मुख्यतः या वायूच्या प्रमाणावर ठरते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले होते. नाकतोंड मिटलेले असतानाही श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, हवा ओढू पाहते, त्याचेच हे आचके. ते सुरू झाले की मी वर येतो. काठावरच्या मंडळींना हे भित्रेपणाचे वाटते आणि वाटो बापडे.

तळाकडे जाताना आधी कानाला दडे बसतात. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे वर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, त्यामुळे तीन मीटरवरच छातीतल्या आणि कानातल्या हवेला वरच्यापेक्षा सुमारे पाऊण जागा उरते आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. दुखण्याची वाट न पाहता नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की दडे सुटतात. न सुटल्यास जोर न करता परत फिरावे, आणि पडसे असेल त्या दिवशी बुडीच मारू नये.

खालचे पाणी वरच्यापेक्षा बरेच गार असते. ते चेहऱ्याला लागताच नाडी मंदावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त हृदय व मेंदूकडे राखले जाते. बोटे गार पडणे आणि छातीतले ठोके संथ, पण ठळक जाणवणे हे शरीराच्या याच आपोआप होणाऱ्या प्रतिसादाचे, प्रतिक्षेपाचे, परिणाम आहेत. सील आणि व्हेल यांच्यात तो आपल्यापेक्षा कितीतरी प्रबळ असतो. बाहेर आल्यावर होणारी लघवीची घाईदेखील यातलीच. हातापायांतले रक्त छातीत गोळा झाल्यामुळे शरीराला पाणी जास्त झाल्याचा भास होतो. पोरांना त्यावरून उगाच बोलणी बसतात.

मला खरी धास्ती वाटते ती बुडीआधीच्या मुंग्यांची. “भरभर दहा-बारा श्वास ओढ, मंग दम टिकतोय,” असे आज एका पोराने दुसऱ्याला सांगितले, आणि त्याचा अनुभव खोटा नाही. दम खरोखरच टिकतो. पण धमनीतले रक्त आधीच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असल्यामुळे अशा श्वासांनी प्राणवायूची भर नाममात्र पडते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याच्या घटीने ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसून डोके हलके होते, आणि पुढे पाण्यात श्वासाची ओढ फार उशिरा लागते. प्राणवायू मात्र आपल्या गतीने संपतच असतो, आणि तो कमी झाल्याची स्पष्ट जाणीव शरीर देत नाही. उलट काहींना छान, हलके वाटते आणि तशातच शुद्ध हरपते. वर येताना दाब उतरल्यामुळे फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही झपाट्याने घसरतो, म्हणून पुष्कळदा ही बेशुद्धी पृष्ठभागाच्या अगदी जवळ गाठते. हात मारणे नाही, हाक नाही. माणूस निमूट खाली जातो. तळाची माती वर आणण्याच्या पैजा लावणाऱ्यांनी हे ऐकायला हवे, पण पैजेच्या भरात कोण ऐकतो?

त्या पोराला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, मुंग्या आल्या की मी थांबू का मग?” मी त्याला बुडी मारूच नकोस, सावलीत बसून साधे श्वास घे, मुंग्या पूर्ण जाऊ देत, असे सांगितले. एकट्याने बुडी मारायची नाही, हेही त्याच्याकडून कबूल करून घेतले. माझ्या वेळी दादा पायऱ्यांवर बसून लक्ष ठेवतो आणि मी वर येऊन श्वास घेतल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवत नाही, कारण पहिल्या श्वासातला प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात वर आलेला माणूसही बेशुद्ध पडू शकतो.