बूड स्थिर नसलेल्यांची टीम

आमच्या बेसमेंटमध्ये एक रोइंग मशीन आहे, म्हणजे घरात बसून बोट वल्हवल्यासारखा व्यायाम करायचं यंत्र. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने सेकंडहँड आणलं, रोज वीस मिनिटं करायचं, जास्त नाही, असं दोघांनी अगदी गंभीरपणे ठरवलं, आणि महिन्याभरात त्याच्या सरकत्या सीटवर इस्त्रीचे कपडे बसायला लागले. ओटावातल्या थंडीत हे सगळ्यांच्याच घरी होतं असं मी स्वतःला सांगायचे. जानेवारीत इथे पावणेपाचला अंधार पडतो, बाहेर उणे वीस, चालायला जायचं तर आधी दहा मिनिटं नुसते कपडे चढवण्यात जातात, म्हणजे खरं तर घरातल्या व्यायामासाठी याहून चांगली परिस्थिती नाही. पण परिस्थितीने कोणी मशीनवर बसतं का!

मी ट्राय खूप केले बरं का. मशीनसमोर टॅबलेट लावून सिरियल बघितली (हँडल ओढताना सबटायटल वाचता येत नाहीत, डोकं पुढेमागे होतं), पॉडकास्ट ऐकले, भिंतीवर कॅलेंडर लावून फुल्या मारल्या. फुल्या अकरा झाल्या आणि मग कॅलेंडरवर फक्त दूधवाल्याच्या... नाही, इथे दूधवाला नाही, डेंटिस्टच्या तारखा उरल्या.

मग गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या मराठी मंडळातल्या काकांनी विषय काढला. काका अडुसष्ट वर्षांचे, रिटायर्ड, घरी त्यांचंही तेच मशीन. म्हणाले, "अगं, जानेवारीत ते व्हर्च्युअल टीम चॅलेंज असतं, महिनाभर सगळ्यांचे मीटर टीमच्या खात्यात जमा होतात. आपण मराठी टीम करू." मी हो म्हटलं कारण काकांना नाही म्हणता येत नाही, एवढंच. मोटिव्हेशन वगैरे काही नव्हतं, लिहून ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. आमचं मशीन आणि हे चॅलेंज दोन्ही कॉन्सेप्ट टूचं, ही अमेरिकेत व्हरमाँटमधली कंपनी, ड्राइसिगॅकर नावाच्या दोन भावांनी काढलेली. १९७६ मध्ये बोटीची वल्ही बनवण्यापासून सुरुवात, मग १९८१ मध्ये सायकलचं चाक वापरून पहिलं रोइंग मशीन केलं, कारण तिकडच्या हिवाळ्यात नद्या गोठतात आणि बोटवाले लोक वेडे व्हायला येतात. आज जिममध्ये दिसतं ते पंख्याचं मशीन त्याचंच नातवंड. त्यावरचा मॉनिटर तुम्ही किती मीटर 'गेलात' ते दाखवतो, ते ॲपमधून ऑनलाइन लॉगबुकमध्ये जातं, आणि वर्षभर कंपनी वेगवेगळी चॅलेंजेस ठेवते. बोट कुठेही जात नाही, तुम्हीही कुठे जात नाही, पण मीटर मात्र खरेखुरे जमा होतात. आमच्या आजीला हे समजावायला मी पाऊण तास घालवला असता.

टीममध्ये झालो सात जण. मी, नवरा, काका. पुण्याची ताई, म्हणजे माझी मावसबहीण, जी सीओईपीची (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) आहे आणि तिथे असताना मुळा नदीत रेगाटासाठी, म्हणजे कॉलेजच्या बोटींच्या कार्यक्रमासाठी, वल्हवलेली आहे, त्यामुळे आम्हा सगळ्यांत बोटीला खरोखर हात लागलेली एकमेव व्यक्ती. नाशिकचा दादा. ठाण्याची माझी शाळेतली मैत्रीण, तिच्या जिममध्ये दोन मशीन आहेत. आणि लेस्टरला शिकणारा भाचा. नावावरून दोन दिवस ग्रुपवर भांडण झालं. दादाला 'नाशिक एक्सप्रेस' हवं होतं (टीममध्ये नाशिकचा हा एकटा!). शेवटी ताईने लिहिलं की लहानपणी आपल्या सगळ्यांना घरी एकच बोलणं बसायचं, ह्यांचं बूड म्हणून स्थिर नाही, आणि ह्या मशीनवर तर सीटच सरकते. झालं. टीमचं नाव 'बूड स्थिर नाही'.

टार्गेट ठेवलं दहा लाख मीटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण सातने भागा, एकतीसने भागा, माणशी रोजचे साधारण ४,६०० मीटर येतात. माझ्या त्या वेळच्या वेगाने पंचवीस मिनिटं. म्हणजे परत ती आमची वीस मिनिटंच, थोडी वर.

पहिल्या आठवड्यात मी काय केलं तर सगळे नवशिके करतात तेच. बाजूचा डॅम्पर, म्हणजे पंख्यात हवा किती जाईल ते ठरवणारा खटका, दहावर टाकला, दात-ओठ खाऊन हाताने ओढलं, तिसऱ्या दिवशी कंबर धरली आणि तळहाताला फोड. ताईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं डॅम्पर म्हणजे गिअर समज, दहावर टाकलं की जास्त व्यायाम असं नसतं, तीन ते पाचच्या मधे ठेव. आणि हाताने काय ओढतेस, विहिरीतून पाणी काढतेस का? पायाने ढकल. आधी पाय, मग कंबर, मग हात. परत जाताना उलटं, हात, कंबर, पाय. आणि परत जाताना घाई नको, तिथेच श्वास मिळतो." ह्या चार वाक्यांनी माझा वेग न वाढवता माझं आयुष्य वाढवलं.

दुसरी गोष्ट काकांनी शिकवली, ते इंजिनिअर ना. मॉनिटरवर स्प्लिट दिसतो, म्हणजे पाचशे मीटरला किती वेळ लागतोय. माझा दोनचाळीस असायचा, म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी जीव खाऊन दोनवीसवर न्यायचे आणि पाच मिनिटांत गळून पडायचे. काका म्हणाले हे गणित घनाचं आहे, म्हणजे वेग जेवढ्या पट वाढवशील त्याच्या घनाइतक्या पट ताकद लागते. दोनचाळीसला साधारण ८५ वॅट लागतात, दोनवीसला जवळजवळ १२८. दीडपट ताकद, आणि वेळ किती वाचला, पाचशे मीटरला वीस सेकंद. मीटरच्या चॅलेंजमध्ये हळू काढलेला मीटर आणि धापा टाकत काढलेला मीटर ह्यांना एकच भाव आहे! हे कळल्यावर मला एकदम घाऊक बाजारात आल्यासारखं वाटलं. गप्प दोनचाळीसला, मिनिटाला वीस-बावीस स्ट्रोक, आणि चालू दे.

पण हे सगळं टेक्निक झालं. मी रोज खाली का उतरत होते? ह्याचाच मी महिनाभर विचार करत होते कारण मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

भिशी आठवा. भिशीचा हप्ता कोणी चुकवतं का? बँकेत आरडी सुरू करून तिसऱ्या महिन्यात बंद करणारी बाई भिशीचे पैसे मात्र ताप अंगात असताना नेऊन देते, कारण तिथे चौघी बसलेल्या असतात आणि कोणाचे आले नाहीत ते सगळ्यांना दिसतं. टीमच्या पानावर अगदी हेच आहे. टीमची बेरीज वर, आणि खाली एकेकाचं नाव आणि आकडा. माझं नाव पहिले नऊ दिवस सर्वात शेवटी होतं, नवऱ्याच्याही खाली, आणि नवरा म्हणजे तो मनुष्य ज्याने कपडे ठेवायला सुरुवात केली.

भाचा सायकॉलॉजी शिकतो, त्याला मी हे भिशीचं सांगितलं तर त्याने दोन जुने प्रयोग पाठवले. एक फ्रेंच रिंगेलमान, त्याने लोकांना दोर ओढायला लावला, तर माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो असं दिसलं. लग्नात पंगत वाढायला पंधरा जण असले की जे होतं ते. दुसरा जास्त मजेशीर. १९२०च्या दशकात कोलर नावाच्या जर्मन माणसाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबच्या लोकांना, हो रोइंगच्याच, दमेपर्यंत वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याला, मग दोघांना मिळून एकच दांडा, म्हणजे एकाने सोडलं की दोघांचं संपलं. तर त्यातला कमजोर माणूस एकटा असताना टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आणि सगळ्यात जास्त फरक कधी पडला, तर दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असताना. जोडीदार फारच तगडा असला किंवा अगदी आपल्याइतकाच असला की एवढा परिणाम नाही.

हे वाचून मला एकदम लख्ख कळलं की मी काकांमुळे खाली उतरत नव्हतेच. काका रोज दहा-दहा हजार मीटर काढायचे, ते माझ्यासाठी हवामानासारखे, आहेत तर आहेत. आणि दादा रोज सकाळी ग्रुपवर दत्तू भोकनळ, दत्तू भोकनळ करायचा, की बघा आमच्या चांदवड तालुक्यातला पोरगा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला, रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, २०१८च्या एशियाडला चौघांच्या बोटीत गोल्ड. अभिमान वाटतो, शंभर टक्के वाटतो, पण खरं सांगू का, त्याने माझे पाय बेसमेंटच्या पायऱ्यांकडे एकदाही वळले नाहीत. मला ओढत होती ती ताई. माझ्या बरोब्बर वर, कधी दोन हजारांनी, कधी साडेतीनने. गुडघा दुखरा, नोकरी, सासूबाईंचं पथ्य, हे सगळं सांभाळून माझ्याच वयाची बाई माझ्या वर कशी काय!

त्यात वेळेचा घोळ. माझे रात्रीचे साडेआठ म्हणजे पुण्यात सकाळचे सात. मी जेवण आवरून ॲप उघडावं तर ताईचे ताजे ताजे पाच हजार येऊन बसलेले, घामाने डबडबलेल्या सेल्फीसकट. मग मी खाली. मी झोपले की ती ऑफिसातून बघणार, मी कितीवर आले, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याला चारशेची फोडणी देणार. आम्ही दोघी ह्याविषयी कधी बोललो नाही. एका शब्दाने नाही. मावसबहिणी आहोत, दहावीच्या मार्कांपासूनची प्रॅक्टिस आहे.

घरात मात्र एका मशीनवरून रोज कटकट. नवऱ्याला सातची वेळ हवी, मला पण. एकदा मी चार हजार आठशेवर असताना वरून कुकरची शिट्टी झाली आणि तो म्हणतो तू जा मी पुढचं करतो. पुढचं करतो म्हणजे? माझ्या खात्यात?

आणि मग २७ तारीख. आम्ही आमचं वेगळं एक्सेल ठेवलं होतं, दादाच्या हट्टाने, त्यात रंगीत ग्राफ वगैरे. त्यात बेरीज आठ लाख चाळीस हजार. टीमच्या पानावर सात लाख ब्याऐंशी. अठ्ठावन्न हजार मीटर गायब! दादाने आधी वेबसाइटला शिव्या घातल्या, मग ॲपला, मग शोधता शोधता कळलं की आमच्या भाचेसाहेबांकडे रोइंगचं मशीनच नाही. त्याच्या युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये त्याच कंपनीची सायकल आहे, हा महिनाभर त्यावर बसून एक लाख सोळा हजार मीटर घेऊन बसला होता, आणि सायकलचे मीटर चॅलेंजमध्ये अर्धे धरतात. नियमात स्वच्छ लिहिलंय. सात जणांत एकानेही वाचलं नव्हतं, त्यात दोन इंजिनिअर आणि एक वकील. भाचा म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहितीय."

चार दिवसांत दोन लाख अठरा हजार हवे होते. म्हणजे माणशी रोज पावणेआठ हजार. शहाण्या टीमने सोडून दिलं असतं. काकांनी ग्रुपवर फक्त 'बरं' एवढंच लिहिलं आणि त्या रात्री हाफ मॅरेथॉन काढली, २१,०९७ मीटर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, काकूंनी दुसऱ्या दिवशी मला फोन करून झापलं, की तुझ्यामुळे झालं. माझ्यामुळे!! ठाणेकरणीने जिमच्या ट्रेनरला पटवून रविवारी दोन तास मशीन अडवलं. मी तोपर्यंत कधी आठ हजाराच्या वर गेले नव्हते, ते तीन दिवसांत दोनदा दहा हजार केलं, बोटांना पट्ट्या लावून, आणि हळूच, दोनपंचेचाळीसला, कारण घनाचं गणित.

झाले नाहीत. नऊ लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे सहा. पंचवीस हजार आणि काही मीटर कमी पडले. दादाने ग्राफ पाठवला, त्यात शेवटचे चार दिवस एकदम भिंतीसारखे उभे. भाच्याने सगळ्यांची माफी मागितली आणि वर म्हणाला की रिंगेलमान चुकीचा होता बहुतेक. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

३१च्या रात्री मी शेवटचं केलं तेव्हा पुण्यात १ तारीख उजाडली होती, म्हणजे ताईला आता काही करता येणार नव्हतं, हे मी, आता कबूल करते, ठरवून केलं होतं. घाम पुसायच्या आधी पान उघडलं. मी १,३१,४२०. ताई १,३१,२०८. बेरजेकडे माझं लक्ष नंतर गेलं.

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. दहा मिनिटांनी ताईचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, फक्त मला. "२१२?"

मी एक हसरा चेहरा पाठवला.

"फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनचं पण चॅलेंज असतं म्हणे," तिने लिहिलं. "त्यात टीम नसते. एकेकटं करायचं."

इस्त्रीचे कपडे सध्या खुर्चीवर आहेत.